नाण्यांच्या प्रदर्शनात नाण्यांची पुस्तकं मांडायची आहेत. काय उघडून ठेवू, कसं ठेवू?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी शाळेत इतिहास शिकवते. नाणी मी जमवत नाही, जमवायचे ते माझे मामा. पोस्टातली नोकरी सांभाळून रविवारी बाजार धुंडाळत त्यांनी जे गोळा केलं, त्यातली नाणी त्यांनी हयातीतच भाचरांना वाटून टाकली. ते गेल्यावर मामी म्हणाली, "कपाट तू ने. बाकी कुणी ते उघडणार नाही." तेव्हापासून पुस्तकांचं ते कपाट माझ्याकडे आहे आणि माझा त्यात जीव गुंतला आहे.

कपाटात काय आहे ते सांगते. ब्रिटिश म्युझियमचा आंध्र (म्हणजे सातवाहन) आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांचा रॅप्सननं केलेला कॅटलॉग, १९०८चा, मूळ आवृत्ती. कनिंगहॅमचं 'कॉइन्स ऑफ एन्शंट इंडिया', १८९१चं, बांधणी पाठीकडून उसवलेली. परमेश्वरीलाल गुप्तांचं नॅशनल बुक ट्रस्टचं छोटं 'कॉइन्स', ओळ न् ओळ अधोरेखित केलेलं. गुप्ता आणि हार्डकर यांचं आहत (चिन्हांचे ठसे मारलेल्या) नाण्यांवरचं १९८५चं पुस्तक, आपल्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेनं काढलेलं. त्याच संस्थेचं माहेश्वरी आणि विगिन्स यांचं 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज', १९८९. लेनपूलच्या दिल्लीच्या सुलतानांवरच्या कॅटलॉगचं पुनर्मुद्रण. लिलावांच्या कॅटलॉगांचे दोन मोठे गठ्ठे. आणि एक पातळ, पिवळी पडलेली पुस्तिका: जोगलटेंभीला जमिनीत सापडलेल्या नाण्यांच्या निधीवरचा रेव्हरंड स्कॉट यांचा लेख, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमधून सुटा काढून बांधलेला. तिच्या समासात मामांनी पेन्सिलनं बारीक अक्षरात नोंदी केल्या आहेत.

इथल्या नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन जानेवारीत आहे, तीन दिवसांचं. मामा मंडळाचे जुने सभासद, म्हणून मला काचेचं एक टेबल आणि मागची थोडी भिंत मिळाली आहे. पण एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितलं, "पुस्तकं बघायला कोण येतं? लोकांना सोनं-चांदी बघायची असते. पुस्तकं फार तर पायाशी ठेवा, शोभेला." मला ते लागलं. मामांचं अर्धं आयुष्य त्या पुस्तकांत गेलं होतं.

विचारायचं असं. पुस्तकं बंद ठेवून मुखपृष्ठं दाखवायची की उघडून? नाणी शेजारी ठेवावीत का? आजकाल सगळं स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतं, तर मूळ प्रत बघायला माणसानं का थांबावं, याचं मी लोकांना काय उत्तर देऊ? आणि हा संग्रह पुढे वाढवायचा तर शिक्षकाच्या पगारात काय घ्यावं?

---

उत्तर १ : तांब्याचा पैसा (पुणे)

ताई, तुमच्या त्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा, पण पुस्तकं पायाशी ठेवू नका. बरीच वर्षं मी नाणी जमवली आणि आता जवळजवळ फक्त नाण्यांची पुस्तकंच घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुखपृष्ठं मांडू नका. त्या काळची बहुतेक पुस्तकं बाहेरून गडद कापडाची, एकसारखी. ती ओळीनं लावली की माणूस दोन पावलांत पुढे जातो. पुस्तक उघडायचं ते नेमक्या पानावर, आणि शेजारी त्या पानावरचंच नाणं ठेवायचं. बघणाऱ्याची नजर नाण्यावरून पानावर आणि पानावरून परत नाण्यावर गेली पाहिजे. "हे कुणाला कसं कळलं?" हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला की तो थांबतो. नाण्याखालच्या चिठ्ठीवर आपण बिनदिक्कत 'नहपान, क्षहरात, चांदी', म्हणजे राजा, त्याचा वंश आणि धातू, असं लिहितो. ते तीन शब्द लिहिता येण्यासाठी कुणी काय कष्ट घेतले, हे फक्त पुस्तकच दाखवू शकतं.

आणि तुम्ही नाशिकच्या आहात. तुमच्या कपाटात तुमच्याच जिल्ह्याचं प्रदर्शन तयार आहे, ते तेवढं ओळीनं मांडायचं.

जोगलटेंभी तुम्हाला माहीत असेलच, सिन्नर तालुक्यात, गोदावरी-दारणेच्या संगमावर. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला, १३,०००हून जास्त नाणी, सगळी नहपान या पश्चिम क्षत्रप राजाची. त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह (क्रूस आणि त्याच्या टोकांना चार वर्तुळं), आणि खालून जुन्या ठशाचं नाक, कान, एखादं ग्रीक अक्षर डोकावतं. हे सगळं पहिल्यांदा नीट मोजून, वर्गवारी करून लिहिलं ते स्कॉट यांनी, तुमच्याकडच्या त्या पिवळ्या पुस्तिकेत. नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे तरुण तर कुठे म्हातारा, कुठे नाकच वेगळं, हेही त्यांनी टिपलं आणि त्यावर आपला तर्क मांडला. तो निधी आज एका जागी नाही, नाणी जगभर पांगली. तो एकत्र असताना कसा दिसत होता हे बघायचं तर हाच लेख उघडावा लागतो.

आता पांडवलेणी. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाला, गौतमीपुत्राला, ती 'खखरातवसनिरवसेसकरस' म्हणते, क्षहरात वंश निःशेष करणारा. आई मुलाचं कौतुक करणारच, असं म्हणून कुणी ते बाजूला सारू शकलं असतं. पण त्याच जिल्ह्यात जमिनीतून अशी नऊ हजार नाणी निघतात आणि प्रत्येकावर तेच घडलेलं दिसतं. दगडातलं वाक्य चांदीनं खरं केलं. मुलांना इतिहास शिकवणाऱ्या माणसानं हे दाखवायचं नाही तर कुणी?

दहाव्या लेण्याचाही फोटो लावा. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एकात त्यानं ७०,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिल्याचं कोरलंय आणि लगेच हिशेब दिलाय: ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), म्हणजे २,००० सुवर्ण. विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) ठेवलेल्या रकमेचा व्याजदरही त्याच लेखात आहे. हे लेख फ्रेंच विद्वान सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापले, १९०५-०६च्या. म्हणजे बघा, सेनारचा खंड, मग निधी, मग स्कॉटचा लेख आणि १९०८ मध्ये रॅप्सनचा कॅटलॉग, सगळं चार वर्षांच्या आत. रॅप्सनच्या प्रस्तावनेत हे सगळे धागे एकत्र येतात. ती प्रस्तावनाच मुळात एक मोठा ग्रंथ आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर नंतर कुणी काहीही लिहिलं, तरी त्याला तिथूनच निघावं लागलं.

रॅप्सनपाशी आणखी एक नाव लिहा: पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढचे, मुंबईत वाळकेश्वरला राहिले, विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर हिंडून शिलालेख उतरवून आणले. क्षत्रपांची नाणी त्यांनी आयुष्यभर जमवली आणि वाचली. १८८८ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे ती नाणी ब्रिटिश म्युझियमकडे गेली. त्यांचा क्षत्रपांवरचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये १८९० साली आला, तो रॅप्सननंच संपादित केलेला. रॅप्सनच्या कॅटलॉगमधल्या क्षत्रपांच्या चित्रांत पंडितजींची नाणी आहेत. हे मला प्रत्येक प्रदर्शनात ओरडून सांगावंसं वाटतं.

चित्रांचं एक लक्षात ठेवा. ब्रिटिश म्युझियमच्या त्या जुन्या कॅटलॉगांत नाण्याचा थेट फोटो नसतो. चांदी चकाकते, फोटोत उठाव बुडतो. म्हणून आधी प्लास्टरचा साचा काढायचे, त्या पांढऱ्या साच्याचा फोटो घ्यायचे आणि कोलोटाइपनं (जिलेटिनच्या थरावरून) छापायचे. चित्र नाण्याच्या मूळ आकाराचंच असतं. त्यामुळे तुमच्या टेबलावर नाणं चित्राशेजारी ठेवलं की लहान मूलसुद्धा जोडी लावू शकतं. साच्याचं काम मुलांकडून करून घ्या, पण जुन्या नाण्यावर अजिबात नाही. आजचं दहा रुपयांचं नाणं मऊ मातीत दाबून काढून घ्या, उमटलेल्या ठशात प्लास्टर ओता, वाळलं की उचला. शेजारी कॅटलॉगचं पान. गर्दी तिथे होईल, लिहून देतो.

स्कॅनचं उत्तर. लेख वाचायला स्कॅन उत्तम, मीही वापरतो. पण जुन्या पुस्तकांच्या पुष्कळशा स्कॅनमध्ये चित्रांची पानं काळी ठिक्कर पडलेली असतात, आणि घडीचे नकाशे घडी न उलगडताच टिपलेले असतात. चित्रावरून नाणं ओळखायचं असेल तर ते बिनकामाचं. लोकांना सांगायचं कशाला, दाखवा. एकाच चित्राचं स्कॅनचं प्रिंट आणि मूळ पान शेजारी शेजारी ठेवा.

पुनर्मुद्रणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाचायला घ्या, लाज नको. पण त्यातली चित्रं मूळ छपाईवरून पुन्हा काढलेली असतात, तपशील जातो. म्हणून मूळ प्रत घेताना पहिलं काम म्हणजे चित्रं मोजणं. सूचीत जितकी लिहिली आहेत तितकी मागे आहेत का, नकाशा आहे का, हे विकणाऱ्यासमोर बसून मोजा. बांधणी उसवलेली चालेल, चित्र गेलेलं चालणार नाही. आणि ग्रंथालयाचा शिक्का असेल तर शेजारी ते पुस्तक रद्द केल्याचाही शिक्का हवा. नसेल तर हात लावू नका.

पुढे काय जमवायचं? सगळं नको, एकच वाट धरा. मार्सडेनचं १८२३-२५चं 'न्यूमिस्मॅटा ओरिएंटालिया इलस्ट्रेटा' किंवा प्रिन्सेपचे निबंध, टॉमसनं १८५८ मध्ये दोन खंडांत काढलेले, हे पगारातलं काम नाही. ते ग्रंथालयात बसून बघावं. तुम्ही मराठी मुलखाच्या नाण्यांवरचं जमवा. एशियाटिकच्या मुंबई शाखेच्या जर्नलचा विसावा खंड मिळाला तर सोडू नका. त्यात न्यायमूर्ती रानड्यांचा मराठेशाहीतल्या चलनांवर आणि टांकसाळींवरचा लेख आहे, आणि रेव्हरंड अॅबट यांचा शिवराई या तांब्याच्या नाण्यावरचा. अॅबट हजारो शिवराया हाताळून 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरं किती तऱ्हांनी येतात ते लावत बसले. अमेरिकन मराठी मिशनचा हा माणूस पुढे एकनाथ-तुकाराम इंग्रजीत नेत राहिला. तुमच्याकडचं माहेश्वरी-विगिन्स हे त्याच वाटेवरचं पुढचं मोठं काम.

आणि लिलावाचे कॅटलॉग रद्दीत देऊ नका, कृपा करा. व्हाइट किंग या संग्राहकाचा मोठा संग्रह १९०४-०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला शूलमन या लिलावदाराकडे विकला गेला. आज तो संग्रह म्हणून कुठे आहे? फक्त त्या कॅटलॉगात. मामांच्या गठ्ठ्यांतल्या एखाद्या कॅटलॉगात लिलावात आलेल्या किमतींचा कागद घडी घालून ठेवलेला असेल तर तो जिथे आहे तिथेच राहू द्या.

---

उत्तर २ : पानोपानी (मुंबई)

मी कागद-संवर्धनाचं काम करते. वरचं सगळं पटलं, फक्त मांडणीच्या वेळी पुस्तकांचा जीव जाऊ नये म्हणून थोडं सांगते.

पुस्तक सपाट उघडून ठेवू नका, पाठ मोडेल. कनिंगहॅमची तर आधीच उसवलेली आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारखं पाळणं करा, आम्लरहित जाड पुठ्ठ्याचं. पुस्तक आपणहून जितकं उघडतं तितकंच उघडा, जोर नको. पानं धरून ठेवायला रबरबँड, टाचणी, दगड, काही नाही. पारदर्शक पॉलिएस्टरची पट्टी पानाभोवती सैलसर घेऊन पाळण्यामागे चिकटवा, म्हणजे चिकटपट्टी पानाला लागत नाही.

दिवे टेबलाच्या आत नकोत. काचेच्या बंद पेटीत बल्ब तापतो आणि कागद वाकतो. खिडकीचं ऊन थेट येत असेल तर टेबलाची जागा बदलून मागा, त्यात संकोच करू नका. संग्रहालयात अशा कागदावर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. तीन दिवसांत आभाळ कोसळणार नाही, पण कापडाचा रंग उन्हात पटकन उडतो.

चांदीची नाणी शेजारी ठेवताना टेबल कशाचं आहे ते बघा. नवीन प्लायवुड आणि त्यावरचा गोंद वाफ सोडतात, लोकरीच्या कापडात गंधक असतं. चांदी काळवंडते. मखमलीचा मोह टाळा, धुतलेलं पांढरं सुती कापड अंथरा. आणि नाणं पानावर ठेवू नका, एक क्षणही. शेजारी, वेगळ्या छोट्या चौथऱ्यावर.

घरच्या कपाटाबद्दल. नाशिक मुंबईपेक्षा कोरडं, तरी पावसाळ्यात कसर लागतेच. डांबरगोळ्या काढून टाका, तुमच्या फुफ्फुसांना आणि त्या पुस्तकांना दोघांनाही त्या नकोत. कडुलिंबाचा पाला पानांत घालू नका, डाग पडतात. आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवायची रीत होती. ती चांगली आहे, पण पुरचुंडीत, भुकटी पानांवर नको. पुस्तकं कपाटाच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, बोटभर हवा खेळू द्या. एखाद्या पुस्तकात किडीची ताजी भुकटी दिसली तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून बाजूला काढा आणि मला विचारा, उन्हात वाळत घालू नका. चामड्याची बांधणी हाताला लाल भुकटी देत असेल तर तेल चोळू नका. आणि सेलोटेप घरात कुठे असेल तर त्या खोलीत येऊ देऊ नका.

कनिंगहॅमची पाठ आत्ता दुरुस्त करायची घाई नको. सुती फितीनं सैल बांधा, प्रदर्शनानंतर जाणत्या हाताकडे द्या. जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, एवढ्यावर काम होईल.

---

उत्तर ३ : बार्देसकर (म्हापसा)

तांब्याचा पैसा यांनी एकच वाट धरायला सांगितलं, ते खरं. पण त्या वाटेवर आमच्या एका माणसाचं घर लागतं, म्हणून थांबवतो.

डॉ. जोसे जेर्सन दा कुन्हा. जन्म १८४४, हडफडे, आमच्या बार्देसातलं गाव. मुंबईत डॉक्टरी केली आणि उरलेला सगळा वेळ नाण्यांना आणि जुन्या गावांना दिला. चौल आणि वसईवरचं त्यांचं पुस्तक १८७६चं. आणि इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचं त्यांचं काम १८८०पासून मुंबईत भागाभागानं छापलं गेलं, एकूण चार भाग. अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोव्यात टांकसाळ घातली, सोन्याचा मानुएल, चांदीचा एस्फेरा, तांब्याचा लेआल पाडला, तिथपासून ते सुरू होतं. बाजारात चालणारं बुझारुक, तंगा, झेराफिम, सगळ्यांची वंशावळ त्यांनी लावली. पोर्तुगीज कागदपत्रं वाचणारा आणि नाणं हातात घेऊन पारखणारा असा एकच माणूस त्या काळात मुंबईत होता, असं मी मानतो.

ते चार भाग एकत्र क्वचित मिळतात. सुटा भाग दिसला तर, ताई, अपुरा म्हणून सोडू नका. माझ्याकडे दोन आहेत, बाकीच्या दोनांची वाट बघतो आहे. त्यांनी स्वतःच्या संग्रहाचा कॅटलॉगही मुंबईतच छापला. १९०० मध्ये ते गेले. वसई-चौल महाराष्ट्रातली, माणूस गोव्याचा, छपाई मुंबईची. तुमच्या मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असं हे पुस्तक आहे.

---

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री रॅप्सनची चित्रं मोजली, सूचीप्रमाणे सगळी आहेत, नकाशाही आहे. सेनारचा खंड माझ्याकडे नाही, पण अंजनेरीच्या संस्थेच्या ग्रंथालयात विचारणार आहे. तिथून पुस्तक नाही आणता आलं तरी दोन्ही लेण्यांचे फोटो मी स्वतः काढून आणेन, शाळेच्या मुलांना घेऊनच जाते.

एक अडचण. मंडळातल्या एकांनी सुचवलं की स्कॉटच्या पुस्तिकेतल्या मामांच्या पेन्सिलच्या नोंदी खोडरबरानं हलकेच पुसून घ्याव्यात, म्हणजे प्रत 'स्वच्छ' होईल आणि किंमत वाढेल. नोंदी अशा आहेत: वर्णनासमोर ग्रॅममध्ये वजनं, कुठे 'हा ठसा बघितला' आणि तारीख, एका ठिकाणी 'चेहरा क्र. ४ सारखा, पण कानातलं वेगळं'. तुमचं काय मत?

---

उत्तर ४ : पानोपानी (मुंबई)

पुसू नका. खोडरबर त्या कागदाचा वरचा थर उचलून नेईल, आणि नोंद गेली की गेली. पेन्सिल कागदाला काही त्रास देत नाही. त्याच पानावर उघडा.

---

उत्तर ५ : तांब्याचा पैसा (पुणे)

ताई, त्या नोंदी पुसायचा विचारही नको! 'हा ठसा बघितला' असं लिहिणाऱ्या माणसानं ते नाणं हातात धरलं होतं. म्हणजे जोगलटेंभीची निदान काही नाणी तुमच्या मामांच्या हयातीत नाशिकच्या बाजारात फिरत होती आणि मामांनी त्यांची वजनं घेतली. स्कॉटनंतर त्या नाण्यांची कुणी घेतलेली ही नोंद आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही. मी तुमच्या जागी असतो तर स्कॉटचा लेख त्याच पानावर उघडला असता, आणि प्रदर्शनानंतर त्या सगळ्या नोंदी वहीत उतरवून, पान-ओळीसकट, अंजनेरीला पाठवल्या असत्या. त्यावर छोटा लेख होऊ शकतो. तुम्हीच लिहा.

---

उत्तर ६ : हडसनपार (न्यू जर्सी)

मी मूळचा सोलापूरचा, इथे पंचवीसेक वर्षं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनच्या प्रदर्शन-स्पर्धांत नाण्यांविषयीच्या पुस्तकांचा वेगळा वर्ग असतो, आणि त्याचा पुरस्कार एरन फेल्डमन यांच्या नावानं आहे. न्यूयॉर्कचे हे जुने विक्रेते. 'आधी पुस्तक घ्या, मग नाणं', हे इथे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य त्यांचं. पुस्तकंच जमवणाऱ्यांची न्यूमिस्मॅटिक बिब्लिओमेनिया सोसायटी १९७९पासून चालू आहे. तेव्हा ताई, तुमच्या मंडळाला सांगा की पुस्तकांचं टेबल ही जगात कुठेतरी रुळलेली गोष्ट आहे.

त्या टेबलांपुढे उभा राहून मी जे शिकलो ते एवढंच. बघणाऱ्याला पान उलटता येत नाही. म्हणून उघडलेल्या पानाबाहेरचं जे त्याला कळायला हवं ते सगळं चिठ्ठीत यावं लागतं, आणि चिठ्ठी उभ्या उभ्या वाचून संपली पाहिजे. चांगल्या चांगल्या संग्राहकांची टेबलं चिठ्ठ्यांच्या लांबीनं मारलेली मी बघितली आहेत. दुसरं म्हणजे पुस्तकं थोडी ठेवा. टेबलावर पाच असतील तर लोक पाचही बघतात, पंधरा असतील तर एकही नीट बघत नाहीत.

तुमच्या मराठी चिठ्ठ्या इथे टाका, सगळे मिळून बघू.

---

गोदाकाठ (नाशिक)

पाच पुस्तकं ठरवली: स्कॉट, रॅप्सन, कनिंगहॅम (बंद, फितीत बांधून, फक्त नावाचं पान दिसेल अशा फोटोसह), गुप्तांचं लहान 'कॉइन्स' मामांच्या रेघांसकट, आणि माहेश्वरी-विगिन्स शिवराईच्या पानावर. शिवराई घरातली आहे. स्कॉटसाठी ही चिठ्ठी लिहिली आहे:

'जोगलटेंभी (ता. सिन्नर) येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,०००हून अधिक चांदीच्या नाण्यांच्या निधीचा हा पहिला सविस्तर अभ्यास असून, नहपान या क्षहरात राजाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवल्याचे यातून सिद्ध झाले व त्यामुळे पांडवलेण्यांतील शिलालेखातील उल्लेखास पुष्टी मिळाली. समासातील नोंदी संग्राहकाच्या आहेत.'

---

उत्तर ७ : तांब्याचा पैसा (पुणे)

मजकूर बरोबर आहे, पण हे सरकारी पत्र झालं. वर्गात सांगता तसं लिहा. मी असं करून बघितलं:

'१९०६. जोगलटेंभीला १३,०००हून अधिक नाणी सापडली. सगळ्यांवर नहपानाचा चेहरा. नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्राचा ठसा. खालचं नाणं बघा: नहपानाचं नाक अजून दिसतं. पांडवलेण्यांत कोरलेला विजय या लेखात पहिल्यांदा मोजला गेला. पेन्सिलची अक्षरं माझ्या मामांची. ही नाणी त्यांनी स्वतः तोलली.'

मामांचं नाव द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. 'संग्राहकाच्या' मात्र काढून टाका. तुमचे मामा आहेत ते.

---

गोदाकाठ (नाशिक)

तुमचीच चिठ्ठी घेते, मामीला विचारून नाव घालेन. पण 'खालचं नाणं बघा' म्हटलं तर नाणं हवं. मामांनी वाटून टाकलेल्यांतलं नहपानाचं एकच नाणं घरात उरलं आहे, ते साधं आहे, त्यावर दुसरा ठसा नाही. पुन्हा ठसा मारलेलं, ज्यात खालचा चेहरा ओळखू येतो असं नाणं तीन दिवसांसाठी कुणी देऊ शकेल का? टेबल कुलपाचं आहे, आणि मी तिथेच बसणार आहे.

---

उत्तर ८ : तांब्याचा पैसा (पुणे)

माझ्याकडे आहे. टेकडी थोडी सरकून बसली आहे, त्यामुळे कपाळ, डोळा आणि नाक सगळं शाबूत. पहिल्या दिवशी सकाळी स्वतः घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत तुमच्या टेबलापाशीच असेन. पानोपानी यांनी सांगितलेला छोटा चौथरा तेवढा करून ठेवा, साधारण दोन सेंटिमीटर बाजूचा पुरेल. मामांची वही किंवा तोलायचा काटा घरात असेल तर तोही काढून ठेवा, हे नाणं त्यांच्या नोंदीत आहे का ते आपण तिथेच लावून बघू.